कोंबड्याची अटलांटिक फेरी

"अटलांटिक महासागर म्हणजे आहे काय? एक डबकं! आपलं मंडळ ते आज एका संध्याकाळीत आटवणार आहे," असं कास्मिर तुस्कानो यांनी फोनवर जाहीर केलं, तेव्हा ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने शोव्हल करत करत ते स्वतःच्या गाडीपर्यंतसुद्धा पोचले नव्हते.

कास्मिर हे मिसिसागाच्या वसईकर मंडळाचे अध्यक्ष. त्या संध्याकाळी मंडळात लिस्बनच्या डॉक्टर लुर्देश मोनिझ यांचं जाहीर व्याख्यान होतं. विषय, 'समुद्रापलीकडची नाती'. बाई खूश झाल्या, तर मंडळाचं गाण्याचं पथक उन्हाळ्यात लिस्बनच्या महोत्सवाला जाणार होतं. जाणार कसलं, कास्मिरच्या हिशेबी ते गेलेलंच होतं. वसईतल्या सगळ्या भावांना, मेहुण्यांना आणि एका जन्माच्या वैऱ्याला त्यांनी तसं कळवून टाकलं होतं. सूटही शिवून तयार होता.

फावडं टेकवलं तोच बाईंचा फोन आला.

"मिस्टर तुस्कानो, मागच्या वर्षी मी मंडळाला चिनी मातीचा कोंबडा दिला होता ना? माझ्या आजोबांनी स्वतःच्या हाताने घडवलेला शेवटचा. तो आज टेबलावर ठेवाल? व्याख्यानाची सुरुवातच त्याच्यापासून करणार आहे."

"अवश्य," कास्मिर म्हणाले. "आत्ता तो माझ्या डोळ्यांसमोरच आहे."

डोळ्यांसमोर त्या वेळी शेजाऱ्याचं कुत्रं होतं.

बूट न काढताच ते बेसमेंटमध्ये उतरले. तिथे त्यांच्या पत्नीचं, युनिसचं, आहेराचं कपाट होतं. घरी आलेला आहेर त्या कपाटात चार दिवस विसावा घेई आणि योग्य प्रसंग येताच दुसऱ्याच्या घरी नांदायला जाई. कपाटात दोन थर्मास होते, एक भिंतीवरचं घड्याळ होतं. कोंबडा नव्हता. कास्मिरनी वर हाक मारून विचारलं.

"तो खोका होय?" युनिस वरून म्हणाली. "व्हिव्हियनच्या नव्या घराच्या ब्लेसिंगला दिला की."

"मंडळाची भेट तू वाटून टाकलीस?"

"मंडळाची, तर मग आपल्या बेसमेंटमध्ये काय करत होती? मला वाटलं, तुमच्या रिटायरमेंटचं काहीतरी. खोका चांगला होता. घंटांची चित्रं असलेला सोनेरी कागद लावला आणि दिला."

व्हिव्हियन म्हणजे कास्मिरची चुलतबहीण. तिने फोन उचलताच सांगितलं, "दादा, तो मिक्सर फार छान होता हां."

"मिक्सर?"

"जड होता, म्हणून म्हटलं. मी उघडला नाही रे. रॉड्नीच्या सिल्व्हर ज्युबिलीला दिला. रागावलास?"

रागवायला वेळ कुठे होता? रॉड्नी म्हणजे मंडळाचा खजिनदार. तो म्हणाला, "अंकल, तो डिनर सेट ना? वी लव्ह्ड इट."

"उघडलास का?"

"नॉट एक्झॅक्टली. माझ्या ऑफिसमधल्या प्रमोदिनीने स्कारबरोला कॉन्डो घेतला ना, सो..."

प्रमोदिनी फोन उचलेना, म्हणून कास्मिरनी खोक्याबद्दल निरोप ठेवला. बाहेर उणे अठरा होतं आणि कास्मिरचा जाड पार्का कोट आतून घामाने भिजला होता.

"कोंबडाच पाहिजे ना?" गाडीत बसता बसता युनिस म्हणाली. "ग्रोसरीतून भाजलेला घेऊ या. निदान नंतर खाता येईल."

हॉल भरला. टेबलावर लेसचा रुमाल अंथरलेला होता आणि त्यावर काहीही नव्हतं. कास्मिरना ती मोकळी जागा लिस्बनएवढी दिसू लागली. तेवढ्यात फोन वाजला.

"सॉरी काका, पोळ्या लाटत होते," प्रमोदिनी म्हणाली. "घंटांचा कागद ना? आईशप्पथ, मी उघडला नाही हं. काल आमच्या स्कारबरोच्या मंडळात लिस्बनच्या बाईंचं भाषण होतं. शाल-श्रीफळ आणलं, पण भेटवस्तू आणायची राहिली. मग मी तोच खोका दिला."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? बाईंनाच."

हॉलचं दार उघडलं. डॉक्टर मोनिझ आत आल्या. अंगावर स्कारबरोची शाल होती. काखेत सोनेरी कागदाचा खोका होता.

बाई सरळ माइकपाशी गेल्या. "काल मित्रांनी मला ही भेट दिली. देणाऱ्यासमोर भेट उघडू नये, ही तुमची रीत मला ठाऊक आहे. म्हणून आज तुमच्यासमोर उघडते. नंतर माझा कोंबडा पाहू."

"मॅडम, घरी जाऊन सावकाश..." कास्मिर पुटपुटले.

बाईंनी टेप नखाने हळुवार सोडवली. आधी लाल तुरा वर आला, मग चोच, मग आख्खे आजोबा. तळाशी बाईंच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'मिसिसागाच्या मित्रांना.' बाईंचा चेहरा बर्फासारखा पांढरा झाला. रॉड्नी स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

"अगं बाई," व्हिव्हियन म्हणाली, "म्हणजे मिक्सर नव्हता!"

लिस्बन बुडायला लागलं होतं. बुडत्याने काडी धरावी तसा कास्मिरनी माइक धरला.

"मॅडम, आमच्याकडे मैत्री कपाटात कोंडून ठेवत नाहीत. ती घरोघर फिरते. हा कोंबडा नव्या घराच्या ब्लेसिंगला गेला, लग्नाच्या ज्युबिलीला गेला, स्कारबरोच्या कॉन्डोत राहून आला. पण त्याला साधा ओरखडाही कुणी येऊ दिला नाही."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. ज्याला कुणी पाहिलंच नाही, त्याला ओरखडा कोण काढणार?

बाईंचे डोळे भरून आले. "माझे आजोबा तीन घरी पाहुणे म्हणून जाऊन आले," त्या म्हणाल्या. "तुमचं पथक लिस्बनला यायलाच हवं." टाळ्यांनी हॉल दणाणला. कास्मिरनी डोकं पुसलं, ते बाईंच्या शालीला, हे त्यांच्या मागाहून ध्यानात आलं.

व्याख्यान संपलं, कॉफी सुरू झाली. बाईंनी कास्मिरना खुणेने कोटांच्या खोलीत बोलावलं. कोंबडा त्यांनी छातीशी धरला होता.

"मिस्टर तुस्कानो, एक विनंती आहे."

बाईंना सगळं कळलं. गेलं लिस्बन. वैऱ्याला आता काय कळवायचं?

"तुमची ही रीत मला फार आवडली," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी मागे वळून दार लोटून घेतलं. "जूनमध्ये माझ्या भाचीचं लग्न आहे. कागद तसा कुठे फाटलेला नाही. जरा सेलोटेप मिळेल का?"