क्वारंटाइनचे चाळीस दिवस

"वर्षभरात ही प्रयोगशाळा इंग्रजीत शिंकायला लागेल!" प्रमुख मॅडमनी छातीठोकपणे जाहीर केलं आणि रक्त तपासणाऱ्या आपल्या प्रयोगशाळेच्या दारावर पांढरा फळा लावून घेतला. रोज एक शब्द : अर्थ, मूळ आणि वापर. उदाहरण ओळखीचं असलं की शब्द डोक्यात बसतो, हा त्यांचा सिद्धान्त.

परवान्यासाठी सरकारी तपासनीस यायचे होते त्या सकाळी शब्द होता 'क्वारंटाइन'. मॅडमनी सुबक अक्षरात लिहिलं : संसर्ग पसरू नये म्हणून वेगळं ठेवणे. मूळ : इटलीकडच्या बोलीतला 'चाळीस', साथीच्या काळात बंदरावर आलेल्या जहाजांना तेवढे दिवस थांबावं लागे. आणि खाली वापर : 'आमची प्रयोगशाळा आजपासून चाळीस दिवस क्वारंटाइनमध्ये आहे. कोणीही आत येऊ नये.'

मग मॅडम परवान्याची फाइल लावायला आत गेल्या. आज सही झाली नाही, तर सोमवारपासून दाराला कुलूप!

तेवढ्यात हौशी क्लार्कने 'सुस्वागतम्'चा कागद आणला. दारावर जागा कुठे? चिकटवला फळ्याच्या वरच्या अर्ध्यावर! शब्द, अर्थ, मूळ, सगळं स्वागताखाली गडप. उरलं फक्त उदाहरण.

तपासनीस जिना चढून आले, वाचलं, आणि चढले त्याच्या तिप्पट वेगाने उतरले! वॉचमनने फाटक लावलं. शेजारच्या दातांच्या दवाखान्यातला पेशंट तोंडात कापूस तसाच ठेवून पळाला.

मॅडमचा फोन वाजला. नवरा.

"अगं, चाळीस दिवस?"

"कसले चाळीस दिवस?"

"वॉचमनने कळवलं ना! तू घरची काळजी करू नकोस हं, अगदी निवांत राहा!" आवाजात काळजीपेक्षा सुट्टीच जास्त. "कपडे खिडकीतून फेकू का?"

मॅडम दाराकडे धावल्या. फळा पाहून कपाळाला हात लावला, कागद टरकावला आणि खिळ्यावरून फळाच उतरवून खिडकीत धरला.

"साहेब! ते उदाहरण आहे!"

"कशाचं?" तपासनिसांनी तोंडावरचा रुमाल न काढता विचारलं.

मग मॅडमनी खणखणीत आवाजात वाचून दाखवलं : शब्द, अर्थ, बंदर, जहाजं. सगळी गल्ली माना वर करून शिकली.

तपासनीस पुन्हा वर आले. दोन तास एकेक यंत्र, एकेक बाटली तपासली. चेहरा दगडी. शेवटी त्यांनी सही ठोकली, कागद पुढे सरकवला आणि निघून गेले.

परवाना मिळाला! क्लार्कने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी ऐटीत चष्मा लावून खालचा शेरा वाचला :

'यंत्रे उत्तम. स्वच्छता उत्तम. शब्दाचे मूळ मात्र अपुरे : सुरुवातीला मुदत तीस दिवसांची होती, चाळीस नंतर झाली. फळा दुरुस्त करून फोटो पाठवावा.'