सुलट फिरणारी मोटार

विजयादशमीच्या सकाळी नऊ वाजता तमिळ मुलखात, तंडियारपेठेतल्या संताजीरावांच्या भाताच्या गिरणीत विजेची नवी मोटार सुरू झाली, आणि नऊ वाजून एक मिनिटानं ती उलटी फिरते असं ठरलं.

ठरवलं सकवारबाईंनी. या संताजीरावांच्या मातोश्री. मोटारीसमोर पाटावर बसून त्या मोटारीला आणि तिच्याजवळच्या भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीला आरती ओवाळत होत्या. तबक घड्याळाच्या काट्यासारखं फिरत होतं आणि वेग घेणारी पुली बरोबर त्याच्या विरुद्ध. दोन फेऱ्यांतच त्यांचा हात अडखळला.

"अय्यो! अरे संताजी, हे यंत्र देवीला उलटी प्रदक्षिणा घालतंय की रे! श्राद्धाला असं उलटं करतात, सणाला नव्हे."

मोटार बंद झाली. सगळ्यांनी वेंकोबाकडे पाहिलं. वेंकोबा मोटार चालू-बंद करायच्या हँडलपाशी उभा होता, बायकोनं, तुळसीनं, निळीत बुडवून वाळवलेलं लुंगीवजा वेष्टी नेसून. आज त्याच्या बावीस वर्षांचा निकाल लागणार होता.

बावीस वर्षं त्यानं या गिरणीतलं तेलाचं इंजिन सांभाळलं होतं. यंत्रांवरच्या मेस्त्रीची जागा रिकामी झाली तेव्हा त्यानं ती मागितली. संताजीराव म्हणाले होते, "मेस्त्री म्हणजे शिकलेला माणूस पाहिजे, वेंकोबा. तुला सहीसुद्धा येत नाही." वेंकोबानं ते मनावर घेतलं. सेहेचाळिसाव्या वर्षी, अशाच एका विजयादशमीला, तो देवळात विद्यारंभाला बसवलेल्या पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत मांडी घालून बसला आणि ताटात पसरलेल्या तांदळावर बोटानं त्यानं पहिलं अक्षर काढलं. पोरं हसली. भटजीही हसले. तीन वर्षांनी तो मराठी पोथी वाचू लागला, लिहूही लागला. ते कळल्यावर संताजीराव म्हणाले, "बरं, नवी विजेची मोटार येऊ दे. ती नीट चालवून दाखव. त्याच दिवशी सगळ्यांदेखत सांगतो, मेस्त्री तूच." तुळसीनं ही बातमी गिरणीमागच्या कामगारांच्या खोल्यांतून केव्हाच पोचवली होती.

"आईसाहेब, मोटार उलटी नाही," वेंकोबा म्हणाला. "साळ सडायच्या हलरच्या आतला रूळ याच बाजूला फिरला तर साळ पुढं सरकते आणि भरडून खाली पडते. तुम्हाला मोटार सुलट पाहिजे तर उद्या लांब पट्टा आणतो, त्याला मध्ये पीळ घालतो. मग मोटार तुमच्या मनासारखी फिरेल आणि हलर त्याच्या मनासारखा."

"उद्या? सण आज आहे!"

इतक्यात राणोजी पुढं झाला. हा संताजीरावांचा जावई. गेल्याच महिन्यात डिप्लोमा घेऊन तो गिरणीत आला होता आणि काखेत कायम एक जाड इंग्रजी पुस्तक बाळगत होता.

"पट्टा कशाला? थ्री फेज मोटार आहे ही. विजेच्या तीन तारांतल्या कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या, की फिरायची दिशा बदलते. पान एकशे बारा."

"मोटारीची बदलते, जावईबापू. पण हलरनं ते पान वाचलेलं नाही."

"वेंकोबा!" संताजीराव कडाडले. "माप्पिळ्ळै इंजिनियर आहेत. ते सांगतात तसं कर."

जावयाला माप्पिळ्ळै म्हटलं की संताजीरावांच्या घरात वाद संपत असे. वेंकोबानं निमूटपणे दोन तारा अदलाबदल केल्या आणि हँडल ओढलं.

मोटार सुलट फिरली. पुली आणि तबक जोडीनं फिरू लागली. "आता कसं!" सकवारबाई म्हणाल्या. त्यांचं समाधान फार तर दहा सेकंद टिकलं असेल. हलरच्या पोटात साळ भरलेली होती. उलट्या फिरणाऱ्या रुळानं ती मागं लोटली, आणि जिथून ओतली होती त्याच तोंडातून ती वर उसळली. पहिला घास देवीला मिळाला. दुसऱ्यानं निरांजन विझलं. तिसरा संताजीरावांच्या फेट्यात बसला. राणोजी त्या वेळी तोंड उघडून दिशेचा नियम समजावून सांगत होता. चौथा त्याच्या वाट्याला आला.

"बंद कर! बंद कर!"

वेंकोबानं बंद केली. राणोजी बराच वेळ थुंकत होता. मग वेंकोबाला बाजूला सारत तो म्हणाला, "यांनी जोडणीच चुकीची केली आहे. सरका मामा, मी स्वतः करतो."

त्यानं तिन्ही तारा सोडल्या आणि पुन्हा जोडल्या. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते, त्यामुळे हात भरभर चालत होते. तिसरी तार त्यानं वरचं रबर न सोलताच स्क्रूखाली दाबली. तांबं स्क्रूला लागलंच नाही.

"जावईबापू, ती तिसरी तार..."

"माझं शिक्षण झालंय, मामा," असं म्हणून राणोजीनं हँडल ओढलं.

मोटार फिरली नाही, उलटी नाही की सुलट नाही. ती जागच्या जागी थरथरत एकाच सुरात घुमू लागली, "ओंऽऽऽम्म्म्..."

सकवारबाईंनी डोळे मिटले. हात जोडले. गालावरून पाणी ओघळलं.

"ओंकार! ऐका रे, ऐका. यंत्रात देवी आली."

संताजीरावांनी फेट्यातली साळ न झाडताच हात जोडले. राणोजीनंही जोडले, मोटार का फिरत नाही याचं उत्तर त्याला आयतं मिळालं होतं.

"कसली देवी, मालक!" वेंकोबा ओरडला. "तिसऱ्या तारेतून वीज येत नाही! मोटारीच्या बाहेरच्या कवचात तारांच्या तीन गुंडाळ्या आहेत. तिन्हींतून वीज पाळीपाळीनं धावली तरच त्यांचं चुंबक गोल फिरतं आणि आतला रोटर त्याच्यामागं पळतो. एक पाळी बुडाली की चुंबक नुसतं जागेवर हिसके मारतं. रोटर हलत नाही आणि गुंडाळ्या तापतात. जळेल ही! मी बंद करतो."

"खबरदार!" सकवारबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "ओंकार मध्येच तोडायचा नसतो. वंशाला भोवतं."

वेंकोबाचा हात हँडलवर पोचला होता. संताजीरावांनी त्याचं मनगट पकडलं. एरवी अशा वेळी फ्यूज जाऊन मोटार वाचली असती. पण फ्यूज सारखा जायला नको म्हणून राणोजीनं त्यात आदल्या दिवशीच जाड तार घातली होती.

थोड्या वेळानं एक गोडसर, उग्र वास पसरला.

"साम्ब्राणीचा धूप कुणी घातला गं?" सकवारबाईंनी विचारलं. "किती प्रसन्न वाटतंय!"

"गुंडाळ्यांवरचं लाखेचं व्हार्निश जळतंय, आईसाहेब," वेंकोबा म्हणाला. मनगट अजून मालकांच्या मुठीत होतं. त्यानं आता ओढाताण सोडली होती. ओंकार हळूहळू घोगरा झाला, मग काळा धूर आला, आणि देवी गेली.

मग संताजीरावांनी वेंकोबाचं मनगट सोडलं. "पहिल्यांदा तारा कुणी जोडल्या होत्या?"

"मी, मालक."

"मग दोष मुळातच तिथं. आणि हा मेस्त्री व्हायला निघाला होता!"

जळालेली मोटार नव्या तारेनं गुंडाळायचं काम अर्थात वेंकोबाकडेच आलं, कारण ते पुस्तकात सविस्तर दिलेलं असलं तरी राणोजीला कधी करावं लागलं नव्हतं. गिरणीमागच्या पडवीत वेंकोबानं मोटार उघडली. कवचातल्या छत्तीस खाचांतून काळी पडलेली तार खरवडून काढली. रोज दुपारी तुळसी लाकडी फिरकी फिरवी आणि तो वेढे मोजत नवी तार गुंडाळी. रोटर बाजूला गोणपाटावर पडलेला होता, धडधाकट.

"याला कुठली तार जोडायची?" तुळसीनं एकदा विचारलं.

"याला कुणी काही जोडत नाही. लोखंडात बसवलेल्या नुसत्या सळया आणि दोन्ही टोकांना कडी. बाहेरचं चुंबक पुढं पळतं, हा त्याच्या मागनं. पण त्याला गाठत मात्र नाही."

"कधीच?"

"गाठलं तर याचा जोरच संपेल. थोडा मागं राहतो तोवरच हा ओझं ओढतो."

तुळसीनं फिरकीचे चार वेढे पुरे केले. "म्हणजे मालकांना मोटारीतलं सगळं कळतं की," ती म्हणाली.

वेंकोबा वेढे चुकला. त्याला पहिल्यापासून मोजावं लागलं.

तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, मोटार पुन्हा बसली. वेंकोबानं तारा मुळात होत्या तशाच जोडल्या, कारण हलरची समजूत घालणं त्याच्या हातात नव्हतं. सकवारबाईंचा विचार मात्र त्यानं केला होता. पहाटे येऊन त्यानं देवीची तसबीर काढली आणि मोटारीच्या पलीकडच्या भिंतीला लावली. पाट, समई, सगळं त्या बाजूला नेलं. मोटारीच्या दांड्याच्या त्या टोकाला कुंकवाचं एक ठसठशीत बोट ओढलं.

"तसबीर इकडे कशी?" संताजीरावांनी विचारलं.

"त्या भिंतीला धुराची काजळी धरलीय, मालक. चुना लावायचाय."

"सरी, सरी, असू दे. चालू कर."

वेंकोबानं हँडल ओढलं. मोटार वेग घेऊ लागली. मागच्या बाजूनं बघताना कुंकवाचं बोट घड्याळाच्या काट्यासारखं, तबकाबरोबर, सुलट फिरलं. हलरमधून स्वच्छ तांदूळ खाली पडला.

"बघ, संताजी, बघ!" सकवारबाईंनी पुन्हा हात जोडले. "मोटार सुलट आणि तांदूळही सुलट! शिकलेल्या माणसाचा हात लागला की असं होतं."

राणोजीनं मान लववली. मोटार सुलट कशी झाली हे त्याला माहीत नव्हतं. पण आपल्यामुळं झाली हे त्याला पटायला लागलं होतं. संताजीरावांनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "आजपासून गिरणीचे मेस्त्री माप्पिळ्ळै." वेंकोबाला अर्धा नारळ मिळाला. तो त्यानं तुळसीला दिला. तिनं त्याची चटणी केली आणि त्या दिवशी शेजारणींशी बोलायचं टाळलं.

महिनाभरानं, वेंकोबा पडवीत बसून पोथी वाचत असताना, राणोजी मागच्या दारानं आला. काखेत पुस्तक होतंच.

"मामा, एक विचारायचं होतं. एन्नोरच्या रस्त्याला आमची दुसरी गिरणी होतेय. तिथंही अशीच मोटार. आजेसासूबाईंनी बजावलंय, ती पहिल्या दिवसापासून सुलट फिरली पाहिजे आणि साळ अंगावर येता कामा नये. तुम्ही... म्हणजे आपण इथं नक्की काय केलं होतं?"

"पुस्तकात नाही?"

"सगळं चाळलं, मामा." राणोजीचा चेहरा उतरला होता. "तिथं पुन्हा फजिती झाली तर माझं काही खरं नाही."

वेंकोबानं पोथीतून एक कोरा कागद काढला, मांडीवर ठेवला आणि शिसपेन्सिलीनं सावकाश, एकेक काना, एकेक मात्रा सांभाळत एकच ओळ लिहिली: "देवीची तसबीर मोटारीच्या दुसऱ्या बाजूला लावा." खाली सही केली. कागद राणोजीच्या हातात दिला.

राणोजीनं तो उभा धरला, आडवा धरला. लहानपणापासून तो इंग्रजी आणि तमिळच शिकला होता.

"मामा, मला मराठी बोलता येतं, पण वाचता येत नाही. तोंडीच सांगा ना."

"तोंडी सांगितलेलं या गिरणीत कुणी ऐकत नाही, जावईबापू."

"मग घरात कुणाकडून तरी वाचून घेतो."

"तसं नका करू. मेस्त्रीला वाचता येत नाही, असं लोक म्हणतील."

राणोजीनं कागदाची घडी करून ती पुस्तकात ठेवली. वेंकोबानं चष्मा पुसला, पोथीतली ओळ पुन्हा शोधली आणि वर न बघताच, अगदी आपुलकीनं म्हणाला, "विजयादशमीला देवळात जाऊन बसा. तांदूळ काय, घरचाच आहे. पोरं जरा हसतील, तिकडे लक्ष द्यायचं नाही. मला तीन वर्षं लागली. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला दोन पुरतील."