मूळ कारणाचा रकाना

अनसूबाई बायकांच्या कपाळावरच्या टिकल्या जप्त करत असत. शेणवे गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून परदेशी जाणाऱ्या आंब्याच्या पेट्या भरायचे आमचे पॅकहाउस आहे. त्याच्या बाहेरच्या दारापाशी एक आरसा टांगलेला आहे. सकाळी कामावर येणारी प्रत्येक बाई तिथे थांबे. अनसूबाई नखाच्या टोकाने तिची टिकली अलगद उचलत आणि आरशाच्या कडेला चिकटवत. आठ वाजेपर्यंत त्या काचेभोवती लाल, मरून, हिरव्या ठिपक्यांची झालर लागलेली असे, आणि मधोमध एकेक उघडे कपाळ उमटून विरून जाई.

"माजा नवरा जिता हाय अजून," सविता रोज कुरकुरे.

"मग त्यालाच घाल पेटीत. टिकली नको."

अनसूबाई आमच्या स्वच्छताप्रमुख. शाळा चौथीपर्यंतची, पण परदेशी पाठवायच्या फळांचे नियम त्यांना आरतीसारखे तोंडपाठ होते. नियमामागचे कारण मात्र त्या आपल्या पद्धतीने सांगत. त्यांच्या बोलण्यात एक "तिकडची बाय" होती. दूर देशी आमची पेटी उघडणारी. अनसूबाईंनी तिला कधी पाहिले नव्हते, तरी तिचा स्वभाव त्यांना पुरता ठाऊक होता. तिला केस खपत नाही. चिकाचा डाग दिसला की ती पेटी मिटून ठेवते. ती स्वतः कधी शिंकत नाही, आणि दुसरे कोणी शिंकले असेल तर तिला बरोबर कळते.

एकदा सविता गजरा माळून तशीच आत आली. पिकू लागलेल्या फळांच्या दाट गोड वासात मोगऱ्याची एक बारीक रेघ उठली, आणि अनसूबाई त्या रेघेचा माग काढत अख्खी रांग हुंगत फिरल्या.

"तिकडची बाय आंबा मागते, नि तू तिला मोगरा धाडतेस?"

"तुजी जाऊ हाय का गो ती?" सविताने विचारले.

"जाऊ परवडली. जाऊ पेटी परत नाय पाठवत."

यंदाच्या हंगामात मात्र हसण्याजोगे फारसे उरले नव्हते. पॅकहाउसच्या मान्यतेची मुदत संपली होती आणि नव्या तपासणीशिवाय एकही पेटी देशाबाहेर जाणार नव्हती. मुरबाडच्या बाजूला, सिद्धगडाच्या पायथ्याशी झाडांवर फळ भरत आले होते. मान्यता हुकली तर तो आंबा टोपल्यांतून जवळच्या बाजारात जाणार, पॅकहाउसला टाळे लागणार आणि आम्ही तीस जणी भर हंगामात घरी बसणार. फळ कोणाच्या सहीसाठी थांबत नाही.

तपासणीआधीचे पंधरा दिवस अनसूबाईंनी आम्हाला श्वास घेऊ दिला नाही. माशी शिरेल एवढेसे भोक कुठे आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी खिडक्यांच्या साऱ्या जाळ्यांवरून तळहात फिरवला. आंधळ्याने ओळखीच्या चेहऱ्यावरून फिरवावा तसा, सावकाश. दोघी-तिघींनी त्यांच्याशी बोलणे टाकले. त्यांना त्याचे काही वाटल्याचे दिसले नाही.

त्या सकाळी आसनगाव स्टेशनवरून अधिकाऱ्यांची गाडी निघाल्याचा फोन आला. आम्ही सगळ्या आत, पांढऱ्या टोप्या घालून आपापल्या जागी उभ्या होतो. आंबे बुडवायच्या गरम पाण्याच्या टाकीतून वाफ उठत होती. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. अनसूबाई तेवढ्या दाराकडे गेल्या. शेवटची नजर टाकायला गेल्या असतील, असे मला वाटले.

अधिकारी आले. शिडशिडीत, कमी बोलणारे गृहस्थ. दफ्तर माझ्याकडे असल्याने त्यांना आत आणायला मी घाईघाईने, इकडेतिकडे न पाहता बाहेर गेले. आमच्या पॅकहाउसला एकामागे एक दोन दारे आहेत. पहिले मिटल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही, म्हणजे माशी बाहेरच राहते. पहिले दार मिटले. अधिकाऱ्यांनी दुसऱ्या दाराकडे पाहिले, मग वर पाहिले, आणि ते थबकले.

चौकटीवर आंब्याच्या पानांचे तोरण होते. मध्ये मध्ये झेंडू. खाली अनसूबाई उभ्या होत्या, हात जोडून.

"हे काय आहे?"

"तोरन, सायेब."

"आंब्याची पानं आहेत ही. कीड याच पानांवरून फळावर जाते. आणि तुम्ही ती दाराच्या आत आणलीत?"

"पानं?" अनसूबाईंना खरोखरच नवल वाटले. "तोरन हाय ते. एकेक पान तीनदा धुतलंय, हौदातल्या औषधाच्या पान्यानं."

आतून जाळीपलीकडून सविताचा आवाज आला. "आमच्या टिकल्या काढल्या, नि सवता अख्खं झाड आनलं!" कोणीतरी हसले. ते हसू अर्ध्यावरच सुकून गेले.

अधिकाऱ्यांनी वहीत "मोठी त्रुटी" असे लिहिले. तोरण पिशवीत बांधून जाळायचे, जागा धुऊन काढायची आणि ते जाण्याआधी अहवाल द्यायचा. "कारण पटलं नाही, तर मी मान्यतेची शिफारस करणार नाही," ते शांतपणे म्हणाले.

जागा धुऊन झाली. अहवालाचा कागद माझ्यापुढे होता, चार रकान्यांचा. काय घडले आणि काय केले, हे लिहून झाले. तिसरा रकाना मूळ कारणाचा. मी लिहिले, "प्रशिक्षणाचा अभाव."

अधिकाऱ्यांनी कागद परत सरकवला. "या बाईंना नियम माझ्यापेक्षा चांगले येतात. आत सोडण्याआधी त्यांनी माझं घड्याळ उतरवून घेतलं. खरं कारण लिहा."

अनसूबाई ओल्या फरशीकडे पाहत होत्या. हातांना पानांचा हिरवा, तुरट वास अजून येत होता.

"लिव," त्या मला म्हणाल्या. "पाव्हना यायचा होता."

"कोण पाहुणा?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"तुमी." मग जरा थांबून, "माज्याकडं नाय येत कोन. मालक गेले, लेक लांब दिलेली. सनाला तोरन बांधते, नि सुकलं का आपनच काढते. खालनं कोन गेलेलंच नसतं. आज कळलं का कोनतरी येतंय, तर हात ऱ्हायला नाय."

मी तसेच लिहिले, एक अक्षर न बदलता. अधिकाऱ्यांनी ते वाचले. बराच वेळ वाचले. मग त्यांचे बोट चौथ्या रकान्यावर आले.

"आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून उपाय?"

मी पेन रकान्यावर टेकवले. रकाना कोरा राहिला तर हंगाम गेला, हे आम्ही तीसही जणी जाणत होतो.

"लिव गो," सविता एकदम म्हणाली. "रविवारी आमी जातो हिच्याकडं. जेवायला. पुढल्या रविवारी बी."

अधिकाऱ्यांनी तिच्याकडे रोखून पाहिले.

"'पुढल्या' चालणार नाही. कालावधी स्पष्ट हवा," ते म्हणाले. "दर रविवारी, असं लिहा."

मी लिहिले. त्यांनी खाली शिफारशीची सही केली. मागे कोणीतरी डोळे पुसले. अनसूबाईंनी सहीकडे पाहिलेही नाही. त्या सविताच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या, भांडायला आल्यासारख्या.

"किती जनी येनार ते आताच सांगा," त्या म्हणाल्या. "मला एका वाटीपल्याड तांदूळ घ्यायची सवय नाय ऱ्हायली."