घड्याळजींची पावलं कोण पळवतं?

माझ्याबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे आश्चर्याने धाप लागायला नको. मी गुप्तहेर आहे. चाळीस वर्षं मी टपालखात्यात पत्रं निवडली असं लोक म्हणतात. ते माझं वेषांतर होतं. पाकीट न फोडता, नुसतं तळहातावर तोलून, आत होकार आहे की नकार हे मी सांगत असे. एकदा तर पाकिटाच्या नुसत्या वासावरून पत्र लिहिणाऱ्याला दाढदुखी आहे हे ओळखून मी उलट टपाली लवंग पाठवली होती. हल्ली एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्यामुळे संशयिताला वाटतं, मी दुसरीकडे बघतोय.

माझा मुक्काम सक्रिय ज्येष्ठांच्या एका जुन्या, नावाजलेल्या वसाहतीत. इथे म्हातारं कुणी नाही, सगळे सक्रिय. त्याचा पुरावा म्हणून व्यवस्थापकांनी प्रत्येकाच्या मनगटावर एक काळा पट्टा चढवलाय. तो दिवसाची पावलं मोजतो आणि आकडे दालनातल्या फलकावर आपोआप झळकतात. रोज तीन हजार भरली, तर पुढच्या इमारतीतलं घर तुमचं. महिनाभर भरली नाहीत, तर मागची इमारत. तिथे पुरुष तळमजल्यावर, बायका वर.

एका मंगळवारी सकाळी शेजारचे घड्याळजी दारात उभे. जन्मभर घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, आणि चेहरा असा की कुणीतरी किल्ली द्यायला विसरलंय.

"टपालराव, माझी पावलं कुणीतरी चोरतंय!"

मी ताबडतोब भिंग काढलं. म्हणजे, शोधायला लागलो. ते माझ्या हातातच आहे असं आतून आमच्या हिने सांगितलं.

"हिला घेऊन रोज बागेच्या सहा फेऱ्या मारतो," घड्याळजी म्हणाले. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या चाकांच्या खुर्चीत असतात. "आणि फलकावर माझ्यापुढे काय? चाळीस! काल तर बावीस! शनिवारी आम्हाला मागे हलवणार. ती वर, मी खाली. बावन्न वर्षांत आम्ही वेगळ्या खोल्यांत झोपलो ते फक्त माझ्या घोरण्यापायी. तेव्हाही मधलं दार उघडं असायचं हो."

प्रकरण हातात घेतलं.

पहिला संशयित, निवृत्त बँडमास्तर. गुडघे सुजलेले, तरी फलकावर नऊ हजार! मी झुडपामागून दोन तास पाळत ठेवली. हा माणूस बाकावर बसून होता. कानात गाणं, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हात हवेत गोल गोल. माझ्या ध्यानात आलं, ही संमोहनविद्या! येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं हा हातांनी ओढून घेतोय! मी झेप घेऊन त्याचे हात धरले.

"अहो, सोडा! शेवटचा तुकडा चाललाय! सनई आत यायचीय!"

सनई आत आली, मी बाहेर पडलो.

दुसरा सिद्धान्त अधिक खोल होता. माणूस चालतो, पण मोजला जात नाही, म्हणजे तो मुळात हयातच नाही. मी घड्याळजींना चिमटा काढला. त्यांनी मला जे ऐकवलं ते हयात माणसाचंच होतं. सिद्धान्त मागे घेतला.

गुरुवारी मी फलकाची यादी वरून वाचली, आणि पायाखालची जमीन सरकली. पहिल्या क्रमांकावर अकरा हजार पावलांनिशी आमची ही! सबंध दिवस खुर्चीत बसून स्वेटर विणणारी! चोरीचा माल माझ्याच घरात!

"पावलं कुठे लपवलीस?" मी दरडावलं.

"तुमच्या स्वेटरात. डाव्या बाहीत," ही सुया न थांबवता म्हणाली. मी बाही तपासली. "अहो, ठेवा ती खाली! मी बसून विणते, तर अकरा हजार. बँडमास्तर बसून हात उडवतात, तर नऊ हजार. त्या पट्ट्याला पाय दिसतातच कुठे? मनगट हललं की तो एक पाऊल मोजतो. आता सांगा, फेऱ्या मारताना भाऊजींचे हात कुठे असतात?"

मी खोल विचार केला. "खिशात?"

"खुर्चीच्या दांड्यावर! घट्ट! वहिनींना ढकलत असतात ना ते!"

"मी हेच म्हणणार होतो," मी म्हणालो.

घड्याळजींना विचारलं, तुम्ही एवढे कारागीर, तुमच्या कसं लक्षात आलं नाही? ते ताठ मानेने म्हणाले, "ज्याला काटे नाहीत, ते घड्याळ मी उघडत नसतो."

शुक्रवारी आम्ही व्यवस्थापकांपुढे. ते हसून म्हणाले, "काका, भावना समजतात. पण आकडा म्हणजे आकडा."

"मग तुम्हीच न्या वहिनींना फिरायला," आमची ही म्हणाली. "तुमच्याही हाताला पट्टा आहे की."

"चला साहेब," वहिनी खुर्चीतून म्हणाल्या. "सहाच फेऱ्या. चढावर जरा जोर लावा, हे लावतात तसा."

दुसऱ्या फेरीला साहेबांचा टाय सुटला, चौथीला आवाज गेला. सहावीनंतर त्यांनी मनगट पाहिलं. एकूण पावलं चौदा. तीही घाम पुसतानाची.

"अरेरे," वहिनी म्हणाल्या. "तळमजल्यावर जागा आहे ना?"

संध्याकाळी परिपत्रक निघालं : 'अधिक अचूकतेसाठी, खुर्ची ढकलणाऱ्या रहिवाशांनी पट्टा घोट्यावर बांधावा.' चूक झाल्याचा उल्लेख नव्हता. पण शनिवारी घड्याळजींचं सामान जागचं हललं नाही.

रविवारी तपासाची अखेरची नोंद करायला मी बागेत कुंपणाआड उभा होतो. दोघं कारंज्याजवळ आले.

"किती झाली?" वहिनींनी विचारलं.

घड्याळजी वाकून घोट्याकडे बघत म्हणाले, "पाच हजार तीनशे."

"मग थांबा आता इथे. महिनाभर नुसती कारंज्यापुढून पळवताय मला."

"आकडा भरेना, म्हणून पळवत होतो गं."

त्यांनी खुर्ची पाण्याकडे वळवली आणि शेजारच्या कठड्यावर बसले. बराच वेळ गेला. मग घोट्यावरचा पट्टा गुरगुरू लागला. माणूस फार वेळ बसला की तो असा उठवायला लागतो.

"काय वाजतंय?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," घड्याळजी म्हणाले, आणि त्यांनी पाय लांब पसरले.