हमीदभाईंचं बोर्दो

हमीदभाई पारकरांनी मला फसवलं. समोर बसवून, हातात पेला देऊन फसवलं. कुवेतच्या बाजारात मी इराण्यांपासून इजिप्शियनांपर्यंत सगळ्यांशी घासाघीस केली आहे. रिकाम्या हाताने आलो आणि कोकणी मालाचं स्वतःचं दुकान उभं केलं. तिथे मला कोणी गंडवू शकलं नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या या म्हाताऱ्याने गंडवलं.

आधी माणूस कसा आहे ते ऐका. कुवेतच्या मंगफ वस्तीतल्या आमच्या इमारतीत हमीदभाई चहा पितात तेव्हा पाहुणे गप्प होतात. काचेचा पेला उजेडाकडे धरतात, गोल फिरवतात, नाक आत घालतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "उजवा किनारा. मऊ हाय."

मग फ्रान्समधल्या बोर्दोचा पाठ सुरू होतो. "दोन नद्या येतात शेठ, आणि एक होऊन समुद्राला मिळतात. आपली जयगडची खाडी समज. डाव्या किनाऱ्याला खडी, तिथं कॅबर्ने द्राक्ष. ताठ, तुरट, तुझ्यासारखं. उजव्याला चिकणमाती, तिथं मर्लो. गुबगुबीत, गोड स्वभावाचं. वहिनीसारखं."

"आणि तुम्ही कोण?"

"मी बूच."

गंमत म्हणजे या माणसाने वाइनचा थेंब कधी चाखलेला नाही. रत्नागिरीकडचा, पाच वेळा नमाज पढणारा. तरुणपणी एका फ्रेंच प्रवासी जहाजावर वेटर होता. बाटली उघडायची, बूच हुंगायचं, पाहुण्याला ओतायचं. "प्यायची मनाई होती. हुंगायला कोण अडवणार?" असं अजून ऐटीत सांगतात. आता एका केटरिंग कंपनीच्या किचनवर देखरेख करतात, आणि जिथे वाइनवर बंदी आहे त्या देशात बसून बोर्दोच्या डाव्या-उजव्या किनाऱ्यांची भांडणं सोडवतात. मी त्यांना वेडा म्हणायचो. तोंडावर.

यंदा माझं कोकम बिघडलं. गावाकडे फळं नीट पिकायच्या आत पाऊस लागला आणि रस पांचट आला. इकडे एगैलातल्या एका मोठ्या रेस्टॉरंटने मेन्यूसाठी माझं कोकम सरबत चाखायला मागवलं होतं. त्यांच्या भरवशावर मी सगळी पिंपं मागवून बसलो होतो. नमुना नापास झाला असता तर माल सडला असता आणि बाजारात नाव गेलं असतं ते वेगळंच.

हमीदभाईंनी पेला फिरवला. मी चाखून काय म्हणतो ते ऐकलं आणि म्हणाले, "बोर्दोवाले एका द्राक्षावर भरवसा ठेवत नाहीत. हवा लहरी. कॅबर्ने पिकलं नाय, तर मर्लो ते साल सांभाळतं. म्हणून तर मिश्रण. तुझं कोकम बिचारं एकटंच लढतंय."

सौदा ठरला: मिश्रण ते जमवणार, माल माझा. नफ्यात निम्मा वाटा हमीदभाईंच्या नाकाचा. मी तिसऱ्या हिश्शापासून सुरुवात केली होती, पण म्हातारा खडीत रुतलेल्या वेलासारखा हलेना. वर अट घातली, दर शुक्रवारी उपाशीपोटी त्यांच्याकडे यायचं.

कोकमात जांभूळ पडलं, डाळिंब पडलं, काळ्या द्राक्षांचा रस पडला. प्रत्येक पेल्यात आधी ते नाक घालायचे आणि मग पेला माझ्याकडे सरकवायचे.

"सांग, वास कसा येतोय?"

"नाक तुमचं, वाटा तुमचा, मी कशाला सांगू?"

"जीभ तयार कर गाढवा. सांग."

"जांभळासारखा."

"जांभूळ घातलं तर जांभळासारखाच येणार. मागून काय येतंय? चांगल्या बोर्दोला येतो तसा, पेन्सिल तासल्यावरचा?"

मी चिडायचो, शिव्या घालायचो, पण हुंगायचो. मी "तुरट" म्हटलं की ते डाळिंब वाढवायचे, "मिळमिळीत" म्हटलं की जांभूळ. एका शुक्रवारी मी ओरडलो, "पेन्सिल! आली, आली!" हमीदभाईंनी टेबलावर थाप मारली. "खलास! आता हात लावायचा नाय."

एगैलाला फ्रेंच शेफने एक घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला. पेला फिरवला, अगदी हमीदभाईंसारखा, आणि विचारलं, हे मिश्रण कोणी केलं? त्या क्षणी मला कळलं, बाजी माझी. भाव एक फिल्सही खाली आणला नाही. सगळी पिंपं गेली, वर पुढच्या हंगामाची मागणी आली. गाडीत मी एकटाच मोठ्याने हसत होतो.

थेट हमीदभाईंकडे गेलो. जिन्यात जळका वास कोंडला होता, शेजारच्या मल्याळी बाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. दार उघडंच होतं. आत गॅसवर मसूर जळून कोळसा झाली होती आणि दोन हात अंतरावर, ओट्याकडे पाठ करून, हमीदभाई शांतपणे पेपर वाचत होते.

मी गॅस बंद केला. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या करोनाच्या साथीत ताप आला होता ना," ते म्हणाले, "तेव्हा गेला वास. परत नाय आला. किचनमध्ये कळलं तर घरी पाठवतील. गावाला आता कोण हाय माझं?"

"आणि दर शुक्रवारी हुंगत होतात ते?"

"तू सांगायचास ना. मला आठवायचं." मग हसले. "नाक तुझंच होतं शेठ. वाटा कसला घेऊ?"

वाटा त्यांना घ्यावा लागेल. ठरलेला सौदा मी कोणाला मोडू देत नाही, आणि शुक्रवारही चुकवणार नाही. तो प्रश्न मिटला. माझी तक्रार वेगळी आहे. हमीदभाई, मी भिंतीपलीकडे राहतो. तुमचा खोकला मला ऐकू येतो, तुमचा रेडिओ मला पाठ आहे. ज्या एका गोष्टीवर तुम्ही आयुष्य काढलंत ती गेली, आणि ते सांगायला तुम्हाला माझं दार दिसलं नाही? का? मला याचा जबाब पाहिजे.