डॉक्टरांचा एकनिष्ठ चेंडू

हौशी गोल्फ खेळणाऱ्याने जन्मभर एकाच प्रकारच्या चेंडूने खेळावं, या मताचे जगात अनेक लोक असतील. पण त्या मतासाठी क्लबचा नियम बदलून घेणारे एकच. आमचे दातांचे डॉक्टर.

डॉक्टरांचा चेंडू पांढरा, महाग आणि नाजूक होता. "बाहेरून दातासारखा, आतून हिरडीसारखा," असं ते त्याचं वर्णन करत. प्रत्येक चेंडूवर निळ्या शाईने छोटीशी दाढ काढलेली असे. खेळायला सुरुवात केली तेव्हापासून त्यांनी दुसऱ्या चेंडूला हात लावला नव्हता. तो पांढरा चेंडूही त्यांच्याकडे फार काळ टिकत नसे, हा भाग वेगळा. डॉक्टरांचा फटका जोरदार होता, पण तळं दिसलं की तो माहेरी निघाल्यासारखा तिकडेच वळायचा.

त्यांच्या बायकोला सगळे 'बाई' म्हणत, कारण त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. बाईंनी काही वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नादाने खेळायला सुरुवात केली होती. त्या एका पिवळ्याजर्द, दगडासारख्या टणक चेंडूने खेळत. दुकानाच्या दारात टोपलीत पडलेला स्वस्तातला माल. त्याला फटका मारला की पत्र्याचा डबा आपटल्यासारखा आवाज व्हायचा.

"अगं, हा चेंडू आहे की पेपरवेट?" डॉक्टर विचारायचे.

"मला गवतात दिसतो," बाई म्हणायच्या, आणि खरोखरच तो त्यांना दिसायचा.

तर क्लबची वार्षिक जोडप्यांची स्पर्धा आली. नवराबायकोने एकच चेंडू आळीपाळीने मारायचा आणि कमीत कमी फटक्यांत नऊ होल पुरे करायचे, असा तो खेळ. संसार मोडायला याहून सोपी पद्धत अजून निघालेली नाही. डॉक्टर स्पर्धेच्या समितीवर होते. त्यांनी तासभर भाषण करून नवा नियम पास करून घेतला. पहिला फटका ज्या प्रकारच्या चेंडूने मारला, त्याच प्रकारच्या चेंडूने जोडीने शेवटपर्यंत खेळायचं. दुसरा चेंडू वापरला की जोडी बाद. समितीचे अध्यक्ष होते एक निवृत्त न्यायाधीश. त्यांना कोणताही नियम आवडायचा. त्यांनी लगेच मान डोलावली.

या नियमामागे डॉक्टरांचा एक डाव होता. त्यांचे साडू लिफ्ट बसवण्याचा धंदा करत आणि झुडपांत सापडेल त्या चेंडूने खेळत. साडूंचे फटके लिफ्टसारखे सरळ वर जात आणि बऱ्याचदा निघाले तिथेच खाली येत. तरी साडू आणि त्यांची बायको दर वर्षी या दोघांच्या पुढेच असायचे. साडूंची बायको म्हणजे बाईंची मोठी बहीण, ताई. वक्तृत्व असो, रांगोळी असो की शाळेची धावण्याची शर्यत असो, ताई पहिली आणि बाई दुसऱ्या, हे लहानपणापासून ठरूनच गेलं होतं. बाई याबद्दल कधी बोलत नसत. पण डॉक्टरांना ते ठाऊक होतं. या वर्षी बायकोला पहिलं आणायचं, असं त्यांनी मनोमन पक्कं केलं होतं.

स्पर्धेच्या सकाळी त्यांनी एक पांढरा चेंडू बाईंच्या हातात ठेवला. "हा तुझा. पहिला फटका तुझा. बाकीचे माझ्या बॅगेत आहेत, काळजी करू नकोस."

बाईंनी तो खिशात टाकला. त्या खिशात आधीच कोण बसलं होतं, हे विचारायचं डॉक्टरांना सुचलं नाही.

पहिल्या होलवर दोन्ही जोड्या एकत्रच निघाल्या. न्यायाधीश छोट्या गाडीत बसून सोबत होते, कारण नियम नवा होता आणि त्यांना तो पाळला जाताना बघायचा होता. साडूंनी खिशातून चेंडू काढला. तो पांढरा होता, डॉक्टरांचाच प्रकार.

"तुमचं भाषण ऐकलं आणि पटलं," साडू म्हणाले. "एक डबी घेतली."

डॉक्टरांची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदा साडूंनी त्यांचं काही ऐकलं होतं. त्यांनी साडूंना आणि न्यायाधीशांना जवळ बोलावलं आणि चेंडूच्या पापुद्र्याबद्दल समजावून सांगायला सुरुवात केली. ते दाताच्या आवरणावरून मुळापर्यंत पोचतात न पोचतात तोच पाठीमागे पत्र्याचा डबा आपटला.

डॉक्टर गर्रकन वळले. दूरवर हिरवळीच्या मधोमध एक पिवळा ठिपका घरंगळत चालला होता.

"छान गेला," ताई म्हणाली.

"पिवळा," न्यायाधीश म्हणाले. "ठीक आहे."

"थांबा, थांबा. तो आमचा चेंडू नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग कोणाचा?"

"म्हणजे आमचाच आहे. पण आमचा तसा नाही."

"बाई तुमच्या पत्नी आहेत ना?"

"आहेत."

"मग चेंडू तुमचा. आता शेवटपर्यंत तोच. नियम तुम्हीच आणलात डॉक्टर, आणि फार चांगला आणलात."

बाईंनी खिशातला पांढरा चेंडू बाहेर काढून पाहिला आणि जीभ चावली. "अहो, हात सवयीने गेला."

साडू गालातल्या गालात हसले. "आपलेच दात, आपलेच ओठ," ते म्हणाले. दातांच्या डॉक्टरला ही म्हण ऐकवायची संधी ते कित्येक वर्षं शोधत असावेत.

"असे किती आहेत तुझ्याकडे?" डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं.

"तो, आणि आणखी एक."

डॉक्टरांच्या बॅगेत पांढरे चेंडू गच्च भरलेले होते. खजिना जवळ होता आणि त्यातली कवडीही खर्चता येत नव्हती.

दुसऱ्या होलवर तळं होतं. पहिल्या फटक्याची पाळी डॉक्टरांची. बाई म्हणाल्या, "हळू मारा, उजवीकडे उतार आहे."

"पेपरवेटला काय होणार आहे?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्या पिवळ्या चेंडूवर सकाळपासूनचा सगळा राग काढला. चेंडू इतका लांब गेला की डॉक्टर क्षणभर स्वतःवरच खूश झाले. मग डुबुक असा आवाज आला.

बाईंनी बॅगेच्या तळातून दुसरा पिवळा चेंडू काढला, ओढणीने पुसला आणि म्हणाल्या, "आता हा एकच."

तिथून पुढे डॉक्टरांचा खेळच बदलला. हा चेंडू हरवला की आपण बाद, आणि बायको पुन्हा ताईच्या मागे. ते त्या चेंडूजवळ पाळण्याजवळ जावं तसे पाय न वाजवता जाऊ लागले. फटका मारायच्या आधी बाईंना विचारू लागले, "उतार कुठे आहे? वारा कुठून आहे?" बाई सांगत आणि डॉक्टर ऐकत. लग्नानंतर असं फारसं घडलं नव्हतं. फटके आखूड पडत होते, पण सरळ पडत होते. एका होलला तर त्यांचा आकडा इतका चांगला आला की डॉक्टरांनी बोटांवर दोनदा मोजून पाहिला.

साडूंची गत उलटी होती. ताई एखादा सुंदर फटका मारायची आणि पुढच्याच फटक्याला साडू चेंडू पाण्यात किंवा काट्यांत घालायचे. चौथ्या होलवर त्यांची डबी संपली.

साडू डॉक्टरांकडे आले. "डॉक्टर, एक चेंडू द्याल? तुम्हाला आज तसा त्यांचा उपयोग नाही."

डॉक्टरांनी न्यायाधीशांकडे पाहिलं.

"मागता येतो," न्यायाधीश म्हणाले. "देता येतो. दिलाच पाहिजे असं मात्र नाही."

आता एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? डॉक्टरांनी बॅग उघडली आणि मुलीची पाठवणी करावी तसा एक पांढरा चेंडू साडूंच्या हातावर ठेवला. "जरा जपून. हळुवार मारावा लागतो."

"अगदी," म्हणत साडूंनी तो ताईला दिला आणि आपली पाळी येताच थेट तळ्यात मारला.

पाचव्या होलला दुसरा गेला. सहाव्याला आणखी दोन. आपल्या हाताने दाढ काढलेले चेंडू एकामागून एक पाण्यात बुडताना डॉक्टर काठावर उभे राहून बघत होते. पण गंमत अशी की मधूनच त्यांतला एखादा ताईच्या फटक्याने भोकातल्या झेंड्याजवळ जाऊन अलगद थांबायचा, आणि डॉक्टरांच्या तोंडून नकळत निघायचं, "बघा, कसा थांबला. चेंडू कोणाचा?"

"अहो, आपण त्यांच्या विरुद्ध खेळतोय," बाई हळूच आठवण करून देत.

सातव्या होलवर मोठाच प्रसंग ओढवला. बाईंचा फटका वाटेवरच्या दगडाला लागला, पिवळा चेंडू उडाला आणि रस्त्याखालून जाणाऱ्या पाण्याच्या पाइपात शिरला. पाइपात पाणी नव्हतं, नुसता चिखल होता, पण पाइप अरुंद आणि लांब.

"पाइपातून चेंडू बाहेर घ्यायला दंड नाही," न्यायाधीश म्हणाले. "फुकट उचलता येईल. पण निघाला नाही, तर तसाच दुसरा लागेल."

तसा दुसरा तळ्यात होता. बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. बाद झालो तर झालो."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग टोपी काढली, पांढऱ्याशुभ्र पँटसकट चिखलात पालथे पडले आणि शर्टाच्या खिशातून दात तपासायचा छोटा आरसा काढला. तो ते सुट्टीतही जवळ बाळगत. आरसा आत घालून त्यांनी एक डोळा मिटला.

"दिसला," पाइपातून आवाज आला. "डावीकडे, अगदी मागे. अक्कलदाढेच्या जागी."

"निघेल का?" बाईंनी विचारलं.

"मुळाशी कचरा अडकलाय. बारीक काठी दे. आणि रुग्णाला हलू देऊ नका."

रुग्ण म्हणजे चेंडू की पाइप हे कोणाला कळलं नाही, पण सगळे गप्प उभे राहिले. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. मागून येणारं एक जोडपं थांबलं आणि एवढा मोठा माणूस आडवा का पडलाय म्हणून घाबरून चौकशी करू लागलं. "दाढ काढताहेत," साडूंनी त्यांना सांगितलं. शेवटी डॉक्टरांनी काठी फिरवली, एक हलका झटका दिला, आणि पिवळा चेंडू चिखलाने माखून बाहेर आला. डॉक्टरही तसेच माखून उठले.

बाईंनी चेंडू घेतला, पण आधी नवऱ्याच्या कपाळावरचा चिखल पुसला. "भूल न देता काढलात," त्या म्हणाल्या. हे वाक्य डॉक्टरांनी अजून जपून ठेवलं आहे.

शेवटच्या होलशी आले तेव्हा दोन्ही जोड्यांच्या फटक्यांची बेरीज सारखी होती. बेरीज मोठ्याने सांगण्यासारखी नव्हती, पण सारखी होती. होल छोटाच होता. बाईंचा पहिला फटका भोकाभोवतीच्या हिरवळीच्या अलीकडे व्यवस्थित पडला. साडूंनी मारला तो झाडांत गेला तो गेलाच. चौघांनी शोधलं, मिळाला नाही. दंडाचा एक फटका वाढला आणि आता सुरुवातीच्या जागेवरूनच ताईला पुन्हा मारायचं होतं. पण चेंडू नव्हता.

साडूंना देता देता बाईंच्या खिशातलाही संपला होता आणि डॉक्टरांच्या बॅगेत शेवटचा पांढरा चेंडू उरला होता. त्यांनी बॅगेची चेन लावून टाकली होती. साडूंनी या वेळी मागितला नाही. तेही समजून होते.

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. नुसतं गप्प राहिलं तरी काम होणार होतं.

बाई म्हणाल्या, "द्या तिला."

"अगं, पण..."

"तिच्याकडे चेंडू नव्हता म्हणून मी पहिली आले, असं मला जन्मभर ऐकायचं नाही. द्या."

डॉक्टरांनी चेन उघडली. ताईने चेंडू घेतला, धाकट्या बहिणीकडे एकदा नीट पाहिलं आणि मारला. असा फटका त्या मैदानाने क्वचितच पाहिला असेल. चेंडू उंच गेला, हिरवळीवर उतरला, जरा मागे सरकला आणि झेंड्यापाशी टेकला. साडूंनी डोळे मिटून ढकलला असता तरी आत गेला असता. त्यांनी डोळे उघडे ठेवून ढकलला, आणि गेला.

इकडे डॉक्टरांनी पिवळा चेंडू हिरवळीवर आणला, बाईंनी तो भोकापासून वीतभर अंतरावर आणला. डॉक्टरांनी तेवढा आत घातला की बरोबरी. ते वाकले. पण मन अजून त्या पांढऱ्या चेंडूपाशीच होतं. "काय थांबला होता," ते पुटपुटले आणि त्यांनी ढकललं. पिवळा चेंडू भोकाच्या काठावर आला, आत डोकावला आणि तिथेच उभा राहिला.

एका फटक्याने हरले.

"माझ्यामुळे गेलं," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्यामुळेच इथवर आलो," बाई म्हणाल्या. ताई आली आणि तिने बहिणीला घट्ट मिठी मारली. दोघी कितीतरी वेळ काहीतरी कुजबुजत होत्या. त्यात डॉक्टरांचा उल्लेख असावा, कारण दोघीही त्यांच्या पँटकडे बघून हसत होत्या.

क्लबात बक्षीस समारंभ झाला. साडूंनी करंडक हातात घेऊन सांगितलं की हे यश डॉक्टरांच्या चेंडूचं आहे. टाळ्या पडल्या. डॉक्टर चिखलाच्या कपड्यांत उभे राहिले आणि त्यांनी मान लववून टाळ्यांचा स्वीकार केला. न्यायाधीशांनी दुसऱ्या क्रमांकासाठी डॉक्टर आणि बाईंचं नाव पुकारलं. तिसऱ्या क्रमांकासाठी मात्र कोणाचंच पुकारलं नाही. बाकीच्या सगळ्या जोड्यांचे एका प्रकारचे चेंडू वाटेतच संपले होते. कोणी नाइलाजाने दुसरा वापरून बाद झालं होतं, कोणी भांडून घरी गेलं होतं. न्यायाधीशांनी जड अंतःकरणाने नियम रद्द केल्याचं जाहीर केलं.

डॉक्टरांच्या अभिमानावर त्याने ओरखडाही उठला नाही. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात खुर्चीवर बसेल त्याला त्यांनी ती हकिकत सांगायला सुरुवात केली. बायको दुसरी आली, तीही पेपरवेटने. आणि पहिला जो चेंडू आला तो आपला. तोंडात कापूस असल्यामुळे कोणी आक्षेप घेत नसे.

एकदा एक ग्रंथपाल दाढ काढून घ्यायला आले. त्यांनी पाइपापासून करंडकापर्यंत सगळं मन लावून ऐकलं आणि मग हात वर करून काहीतरी विचारायची खूण केली. एवढा रस घेणारा श्रोता डॉक्टरांना पहिल्यांदाच मिळाला होता. त्यांनी कौतुकाने कापूस काढला.

"शेवटपर्यंत एकूण किती जोड्या खेळल्या?" ग्रंथपालांनी विचारलं.

डॉक्टरांनी कापूस परत जागेवर बसवला.

"अजून रक्त थांबलेलं नाही," ते म्हणाले. "बोलू नका."