अनुक्रमांक सत्तावीस

रेकॉर्ड खात्यातून निवृत्त झालेल्या हेडक्लार्कांच्या बागेत बेवारस असं काही नव्हतं. प्रत्येक झाडापुढे पत्र्याची पाटी, तिच्यावर अनुक्रमांक आणि नाव. अशा शिस्तीच्या बागेत नळाशेजारी एक रोप कुणालाही न विचारता उगवलं आणि त्याला जांभळी फुलंही आली. हेडक्लार्कांनी लगेच पाटी कापली, सत्तावीस आकडा रंगवला आणि नावाच्या जागी त्यांचा ब्रश अडला.

"रविवारी नात येतेय," बायकोनं बजावलं. "दिसेल ते तोंडात घालते. तोवर नाव कळलं तर ठीक, नाहीतर उपटून टाका ते."

तिचं चुकत नव्हतं, पण हेडक्लार्कांचा त्या रोपावर जीव जडला होता. मोबाइलला फोटो दाखवला तर त्यानं सकाळी एक नाव सांगितलं, दुपारी दुसरंच. असल्या उलटसुलट जबान्यांना त्यांनी नोकरीतही कधी थारा दिला नव्हता. ते तडक शेजारच्या प्राध्यापकांकडे गेले. हे वनस्पतिशास्त्राचे, पण गुडघे धरल्यामुळे घरातच बसून असायचे. त्यामुळे पुरावे नेऊन देणं हेडक्लार्कांकडे आलं.

सोमवारी प्राध्यापकांनी एक फूल मागवलं, पाकळी न पाकळी सुटी केली आणि एवढ्यावर भागणार नाही म्हणाले. मंगळवारी उरलेली फुलं गेली. बुधवारी पानं गेली, कोवळी आणि जून दोन्ही. गुरुवारी खोडाचा बराचसा भाग गेला. हेडक्लार्क दर वेळी पाकिटावर तारीख टाकून माल देत आणि पोच घेऊन येत. शुक्रवारी नळाशेजारी बोटभर खुंट तेवढा उरला.

"मूळ पाहिल्याशिवाय मी नाव सांगणार नाही," प्राध्यापक म्हणाले.

असा बाण्याचा माणूस हेडक्लार्कांना मनापासून आवडला. शनिवारी त्यांनी खुंट मुळासकट उपटून नेऊन दिला. प्राध्यापकांनी भिंग लावून तासभर निरखलं.

"आता जवळजवळ खात्री झालीय," ते म्हणाले. "फक्त एकदा मला ते झाड उभं दाखवा."

हेडक्लार्क घरी आले. त्यांना फार वाईट वाटलं. रविवारी नात त्या रिकाम्या खड्ड्यात दिवसभर चिखल खेळली आणि पाटी माळ्यावर गेली.

दोन महिन्यांनी प्राध्यापक काठी टेकत फाटकाशी आले. गुडघे आता बरे होते. त्यांच्या मागच्या अंगणात, केर टाकायच्या जागी, जांभळ्या फुलांचं काहीतरी उगवलं होतं. दोन दिवस त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले तरी ओळख पटेना.

"उभंच आहे ना?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"उभंच आहे. एक फूल तोडून आणणार होतो, पण म्हटलं..."

"काही तोडायचं नाही."

हेडक्लार्कांनी माळ्यावरची पाटी काढून पुसली. नावाच्या जागी ठसठशीत अक्षरांत 'चौकशी चालू आहे' असं लिहिलं आणि ती वाळायची वाट न पाहता पायात चपला सरकवल्या.